हॅलोवीन : दार ठोठावणाऱ्यांची रात्र



व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस बोलावला म्हणजे तो महागाईवर नाहीतर संपावर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. म्हणून आजच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘हॅलोवीन’ हा शब्द पाहून कित्येकांना ती छपाईची चूक वाटली असेल. ती चूक नाही. हा विषय मी मागून घेतला आहे. मी विद्वान नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते पाळी संपल्यावर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा माझ्याकडून पांडित्याची अपेक्षा ठेवू नये. पण एका प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचले, ते सरळ मांडण्याचा प्रयत्न करतो.

तो प्रश्न एका मुलीचा होता. एका मोठ्या मॉलमध्ये कंत्राटी कामगार म्हणून ती उभी असते. होय, ‘उभी असते’ हेच खरे, कारण त्या दुकानात विक्रेत्यांना बसायला स्टूल नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी तिथल्या साऱ्या मुलींना काळ्या चेटकिणीच्या टोप्या दिल्या, दाराशी कागदी भोपळे टांगले आणि रात्री दहाऐवजी साडेबारापर्यंत थांबवून घेतले. जादा वेळेचा पगार विचारला तेव्हा उत्तर मिळाले, “सण आहे, हसतमुखाने करा.” दुसऱ्या दिवशी ती युनियनच्या कचेरीत आली आणि म्हणाली, “भाऊ, हा सण तरी कुणाचा? आणि त्यात आम्हांलाच का टोपी घातली?”

जादा वेळेच्या पगाराचे काय करायचे ते मला ठाऊक होते. सण कुणाचा, हे मात्र ठाऊक नव्हते. ते मी शोधू लागलो, आणि शोधता शोधता असे दिसले की हा सण मुळात दुकानदाराचा नाहीच. तो दार ठोठावणाऱ्यांचा आहे. तो त्यांच्या हातून कसा गेला, ती हकीकत आज सांगायची आहे.

प्रथम नावाचा उलगडा करू. ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण. जुन्या इंग्रजीत संताला ‘हॅलो’ म्हणत. त्या सणाची आदली संध्याकाळ, म्हणजे ३१ ऑक्टोबर, ती ‘हॅलोज’ची ‘ईव्हनिंग’. बोलता बोलता तिचे हॅलोवीन झाले. लगेच २ नोव्हेंबरला सर्व मृतात्म्यांचा दिवस येतो. आपल्या वसईत आणि गोव्यात त्या दिवशी ख्रिस्ती कुटुंबे दफनभूमीत जाऊन कबरींवर मेणबत्त्या लावतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. वेगळ्या घराण्यातल्या वाटणाऱ्या या हॅलोवीनचे हे सख्खे भाऊबंद आहेत.

आता मुळाकडे जाऊ. हॅलोवीन म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा केल्ट लोकांचा मृतांचा सण, त्या दिवशी त्यांचे ड्रुइड पुरोहित मृत्युदेवाला बळी देत, पुढे पाद्र्यांनी तो सण हिरावून घेऊन त्यावर संतांचे नाव चिकटवले, असे जिथे तिथे लिहिलेले आढळते. गोष्ट चटकदार आहे. पण कागद वाचल्याशिवाय करारावर सही करायची नाही, असे चळवळीने मला शिकवले आहे. म्हणून कागद काय सांगतात ते पाहू.

आयर्लंडमध्ये १ नोव्हेंबरच्या सुमारास ‘साविन’ नावाचा सण होता, यात शंका नाही. तिथे हिवाळा तेव्हापासून धरत. उन्हाळी कुरणांवर गेलेली जनावरे खाली आणायची, पोसणे परवडणार नाही तेवढी कापायची, धान्य आत घ्यायचे, देणी चुकवायची. मध्ययुगीन आयरिश कथांत तारा येथील राजाच्या मेजवान्या साविनलाच होतात, आणि टेकड्यांच्या पोटातले अद्भुत लोक त्याच रात्री बाहेर पडतात. एका कथेत तर आधीचे तीन दिवस आणि नंतरचे तीन दिवस धरून उत्सव सांगितला आहे. परंतु हे सारे लिहिले कुणी? ख्रिस्ती मठांतल्या लेखकांनी, आणि जुना धर्म गेल्यावर कित्येक शतकांनी. आणि ‘साविन नावाचा मृत्युदेव’ म्हणाल, तर तो अठराव्या शतकातल्या चार्ल्स व्हॅलन्सी नावाच्या लष्करी अभियंत्याच्या लेखणीतून उतरला. हे गृहस्थ शब्दांच्या व्युत्पत्त्या मनाला येतील तशा लावीत. साविन हे देवाचे नाव नव्हे. आजही आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याला तेच नाव आहे.

आता तारखेचे पाहा. सर्व संतांचा सण पाद्र्यांनी केल्ट लोकांना भुलवण्यासाठी १ नोव्हेंबरला आणला म्हणावे, तर आयर्लंडच्या चर्चच्या जुन्या पंचांगात हा सण २० एप्रिलला दिसतो! रोममध्ये सर्व हुतात्म्यांचे स्मरण १३ मे रोजी होत असे. १ नोव्हेंबर ही तारीख आठव्या-नवव्या शतकात पुढे आली आणि इसवी सन ८३५ मध्ये बादशहा लुई याने ती आपल्या फ्रँक राज्यात सर्वत्र लागू केली. म्हणजे साविनची सावली हॅलोवीनवर आहे, हिवाळ्याच्या तोंडाची भीती आणि शेकोट्या त्यातून आल्या असाव्यात. पण सणाचा कणा निराळ्याच ठिकाणचा आहे.

तो कणा म्हणजे मृतांविषयीची काळजी. फ्रान्समधल्या क्लूनी मठाचा प्रमुख ओदिलो याने इसवी सन १००० च्या सुमारास २ नोव्हेंबर हा दिवस सर्व मृतात्म्यांच्या प्रार्थनेसाठी ठरवला. त्या काळची श्रद्धा अशी की, सामान्य माणूस मेला की तो थेट स्वर्गात जात नाही आणि नरकातही नाही. तो शुद्धिस्थानात अडकतो, आणि मागे राहिलेल्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली तर त्याची सुटका लवकर होते. आपल्या पितृपक्षात घास घालण्यामागे जी ओढ आहे, तीच ही.

श्रोतेहो, खरी गंमत इथून सुरू होते. श्रीमंताकडे पैसा आहे, पण प्रार्थनेला वेळ नाही. गरिबाकडे पैसा नाही, पण तोंड आहे, आणि गरिबाची प्रार्थना देवाला अधिक पोचते असा समज आहे. मग सौदा ठरला. श्रीमंताने भाकरी द्यावी, गरिबाने त्याच्या मृतांसाठी प्रार्थना करावी. जॉन मर्क नावाच्या इंग्लिश धर्मोपदेशकाने चौदाव्या शतकाच्या अखेरीस नोंदवून ठेवले आहे की, पूर्वी भली माणसे या दिवशी भाकऱ्या वाटत, आणि प्रत्येक भाकरीमागे एक आत्मा सुटेल अशी आशा धरीत. पुढे या भाकरीचे छोटे मसालेदार गोड केक झाले. त्यांना सोल-केक, म्हणजे आत्म्याचे केक म्हणत, आणि ते मागत दारोदार गाणी म्हणत फिरण्याला सोलिंग.

ही भीक नव्हती, एवढे ध्यानात ठेवा. हा व्यवहार होता. दार ठोठावणारा काहीतरी देऊन काहीतरी घेत होता. तो प्रार्थनेचे काम करी आणि केक ही त्याची मजुरी. त्या एका रात्री वाड्याच्या दाराशी जाऊन तो मान वर करून उभा राहू शकत होता, कारण आतल्याला त्याची गरज होती.

सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये धर्मसुधारणा झाली. शुद्धिस्थान वगैरे काही नाही, मृतांसाठी प्रार्थना व्यर्थ आहे, असे सरकारनेच ठरवले. १५४७ च्या कायद्याने मृतांसाठी प्रार्थना करणारी देवस्थाने बंद करून त्यांची मालमत्ता जप्त केली. एलिझाबेथ राणीच्या काळात त्या रात्री मृतांसाठी चर्चच्या घंटा वाजवायलाही बंदी झाली. धर्मशास्त्राच्या बाजूने यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. मी कामगाराच्या बाजूने पाहतो. गरिबाच्या हातात जे काम होते त्याची एका फटक्यात किंमत शून्य झाली. काम गेले, पोट राहिले. तो पूर्वीसारखाच दाराशी येत राहिला, पण आता आतून लोकांना तो भिकारी दिसू लागला. शेक्सपियरच्या १५९० च्या दशकातील एका नाटकात, कुरकुरत्या आवाजात बोलणाऱ्याला संतांच्या सणाच्या भिकाऱ्याची उपमा दिलेली आहे. पन्नास वर्षांत मजूर भिकारी झाला तो असा.

ही गोष्ट वाचताना मला आपल्या मुंबईच्या गिरण्यांतला बोनसचा तंटा आठवला. मालक वर्षाकाठी बोनस देत होते. त्यांनी तो थांबवला तेव्हा १९२४ साली कामगारांनी मोठा संप केला. मालकांचे म्हणणे, ही आमची मेहेरबानी, दिली तर दिली. चौकशी समितीनेही कामगारांचा हक्क मानला नाही. बोनस हा कायद्याने हक्क ठरायला १९६५ साल उजाडावे लागले. नाणे तेच, हात तोच. पण ते दिवाळीची पोस्त म्हणून घ्यायचे की कष्टाचा दाम म्हणून घ्यायचे, यावर माणसाची मान वर राहते की खाली जाते हे ठरते.

असो. कायद्याने सण मरत नाही. इंग्लंडच्या दक्षिणेत १६०५ च्या कटानंतर ५ नोव्हेंबरच्या शेकोट्यांनी हॅलोवीनला मागे सारले. पण चेशर, श्रॉपशर या भागांत सोलिंगची गाणी विसाव्या शतकापर्यंत टिकली, आणि चेशरमधल्या अँट्रोबस गावचे सोंगाडी त्या दिवसांत घोड्याच्या कवटीचे सोंग घेऊन खेळ करीत आले आहेत. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये तर हॅलोवीन जोरात राहिला. तिथे प्रार्थनेची जागा दुसऱ्या कामाने घेतली. मुले चेहऱ्याला काजळी फासून, जुनेपाने कपडे घालून घरोघर जात. पण नुसता हात पसरून खाऊ मिळत नसे. आधी गाणे म्हणायचे, गोष्ट सांगायची किंवा नाच करायचा, मग सफरचंद किंवा मूठभर अक्रोड. आपल्याकडचा वासुदेव मोरपिसांची टोपी घालून दारात गातो, मगच झोळी पुढे करतो, त्यातलाच हा प्रकार.

आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात एकोणिसाव्या शतकात पांढऱ्या घोडीचे सोंग निघे. तरुण शिंगे फुंकीत शेतकऱ्यांच्या दाराशी जात. जो देईल त्याला भरभराटीचा आशीर्वाद, न देईल त्याला अरिष्टाची धमकी. आणि धमकी अगदीच पोकळ नसे. त्या रात्री चिक्कू माणसाच्या अंगणाचे फाटक सकाळी दुसऱ्याच्या शेतात सापडे. शिमग्याला न विचारता होळीत गेलेली लाकडे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

घरात मात्र वेगळेच खेळ चालत. कवी रॉबर्ट बर्न्स याने १७८५ साली या रात्रीवर एक दीर्घ कविता लिहिली आणि तिला टिपाही जोडल्या. मुलामुलींनी डोळे मिटून परसातले कोबीच्या जातीचे रोप उपटायचे. देठ सरळ तर जोडीदार सरळ, वाकडा तर वाकडा. आणि मुळाला माती चिकटून आली तर घरात पैसा येणार. शेतकऱ्याच्या घरचे भविष्य हे असे मातीत पाहिले जाई. दिवे सलगमाचे असत. सलगम पोखरून त्याला डोळे-तोंड कोरायचे आणि आत मेणबत्तीचा तुकडा ठेवायचा.

मग १८४५ साल आले. आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या सातेक वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगांनी मेली. दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. त्यांतील फार मोठा भाग अमेरिकेत उतरला. न्यू इंग्लंडमधले जुने प्युरिटन लोक संतांचे सण पाळत नसत. स्कॉटिश वस्त्यांबरोबर हॅलोवीन काही ठिकाणी पोचला होता. पण तो शहराशहरांत पसरला तो या उपाशी माणसांच्या पायांनी. गाठोड्यात दुसरे काही नव्हते, म्हणून सण आणला. तिकडे सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मुबलक होता, तोच कंदील झाला. जाता जाता सांगतो, आपला तांबडा भोपळाही मूळचा अमेरिकेचाच. मिरची, बटाटा यांच्यासारखाच तो परदेशातून येऊन आपल्या चुलीवर रुळला. तेव्हा ‘परदेशी’ एवढ्याच कारणाने मी कुठल्या सणाला नावे ठेवणार नाही.

अमेरिकेतल्या शहरांत खोड्यांचे रूप बदलले. खेड्यात ज्याचे फाटक न्यायचे तो ओळखीचा असे. त्याने काय केले होते तेही सर्वांना ठाऊक असे. शहरात ओळख नाही, म्हणून काचा फुटू लागल्या, दिवे फुटू लागले. मिनेसोटा राज्यातल्या अनोका गावात सकाळी उठून पाहावे तो मुख्य रस्त्यावर गाई मोकाट हिंडताहेत! गावकऱ्यांनी १९२० साली मुलांसाठी मिरवणूक आणि खाऊ ठेवून त्यावर उपाय काढला. १९३० नंतरच्या मंदीत हा उपद्रव आणखी वाढला. याच सुमारास एक नवी घोषणा कॅनडातून पसरत आली. १९२७ साली अल्बर्टा प्रांतातल्या ब्लॅकी या लहान गावच्या बातमीत ती छापलेली सापडते. इंग्रजीत ‘ट्रिक ऑर ट्रीट’. मराठीत मी तिला म्हणतो, ‘खाऊ की खोडी?’

मंडळी, तीस वर्षे वाटाघाटीच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला हे तीन शब्द चांगले समजतात. हे मागणीपत्र आहे. यात गाणे गेले, नाच गेला. उरली ती ताकद आणि तडजोड. घरमालकांनी हिशेब केला की फुटलेल्या काचेपेक्षा मूठभर गोळ्या स्वस्त. दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून १९४७ पर्यंत अमेरिकेत साखरेचे रेशनिंग होते, तोवर हा प्रकार थबकला. साखर सुटली आणि तो देशभर पसरला. १९५० साली फिलाडेल्फियाकडच्या काही मुलांनी दुधाचे रिकामे डबे सजवून खाऊऐवजी सुटे पैसे मागितले आणि संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीला पाठवले. सोलिंगचा जुना अर्थ, म्हणजे दुसऱ्यासाठी मागणे, एका क्षणी परत आला म्हणायचा.

पण प्रवाह दुसरीकडे चालला होता. खोडी नावापुरती राहिली, मग तीही गेली. खाऊ तरी घरचा होता: पॉपकॉर्नचे लाडू, सफरचंदे, बिस्किटे. १९७० च्या दशकात अफवा उठली की अनोळखी माणसे खाऊत विष आणि सफरचंदात ब्लेड घालतात. १९८२ साली शिकागोत औषधाच्या गोळ्यांत कुणीतरी विष मिसळून सात जणांचे बळी घेतले, आणि ही भीती कळसाला पोचली. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी जुन्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊतून विष देऊन मूल मारल्याचा एकही सिद्ध झालेला प्रकार त्यांना सापडला नाही. तरीही आईबापांनी घरचे सारे फेकून द्यायचे आणि कारखान्याचे बंद पाकीट तेवढे ठेवायचे, असा रिवाज पडला. शेजाऱ्याच्या हातावर विश्वास नाही आणि कंपनीच्या छापावर आहे! २०२३ साली अमेरिकेत या एका सणावर सुमारे १२ अब्ज डॉलर खर्च होतील, असा तिथल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघाचा अंदाज होता.

आता त्या पाकिटाच्या आत पाहू. चॉकलेट कोकोच्या बियांपासून होते आणि जगातला निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधन संस्थेच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे या दोन देशांच्या कोको पिकवणाऱ्या भागांत सुमारे १५ लाख ६० हजार मुले बालमजुरीत होती. कोयत्याने फळे फोडणे, पाठीवर ओझी वाहणे ही त्यांची कामे. यातले वाईटातले वाईट प्रकार २००५ पर्यंत बंद करू, असे मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी २००१ साली लेखी मान्य केले होते. मुदत आली आणि पुढे ढकलली. पुन्हा आली, पुन्हा ढकलली. ज्या रात्री एक मूल सोंग घेऊन दार ठोठावते, त्या रात्रीच्या खाऊसाठी दुसऱ्या मुलाने कोयता धरलेला असतो. आणि त्या दुसऱ्या मुलाला ठोठावण्यासाठी समोर दारच नाही.

हा सगळा प्रवास एकदा हातात धरून पाहा. आधी प्रार्थना देऊन केक घेतला. मग गाणे देऊन सफरचंद घेतले. मग धमकी देऊन गोळ्या घेतल्या. आता पैसे देऊन सारे दुकानातून आणायचे, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना गिऱ्हाईकच उभे. ज्याचे काही मागणे होते असा माणूस या चित्रातून नाहीसा झाला. तो गेला कुठे? तो दुकानात काळी टोपी घालून साडेबारा वाजेपर्यंत उभा आहे.

त्या मुलीला मी हेच सांगितले. म्हणालो, “बाई, हा सण तुझाच. आपल्यासारख्यांनी मोठ्या दाराशी जाऊन आपले मागायचे, म्हणून तर ही रात्र.” ती हसली आणि म्हणाली, “मग भाऊ, दार कुठले ठोठावायचे ते सांगा.” आम्ही कंत्राटदाराचे ठोठावले. बावीस मुलींच्या सह्यांचे पत्र दिले. तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत ‘सण आहे’, दुसऱ्या बैठकीत ‘वरून परवानगी नाही’, तिसऱ्या बैठकीत अडीच तासांचा दुप्पट पगार मान्य झाला. स्टुलाची मागणी अजून पडून आहे. टोप्याही परत गेलेल्या नाहीत. पुढच्या ऑक्टोबरात त्या पुन्हा बाहेर निघतील.

आपल्या मुलांनी ३१ ऑक्टोबरला सोंगे घ्यावीत की नाही, हा निर्णय मी आपल्यावर सोपवतो. घेतलीच तर माझी विनंती एवढीच की, त्यांना दारात एक गाणे म्हणायला शिकवा, आणि खाऊ घरचा करा. मुलाला कळू द्या की काही दिल्यावर जे मिळते ते मागताना लाजायचे नसते. आणि त्या रात्री दुकानात गेलात तर काळ्या टोपीखालच्या मुलीला एकदा विचारा, “आज तुमची सुट्टी किती वाजता?” एवढ्या प्रश्नानेही दार थोडे किलकिले होते.